एका तहाची दोन टेबलं

मावशीनं आख्खी नोकरी शाळेत जगाचा इतिहास शिकवण्यात घालवली, पण निवृत्त होईपर्यंत तिनं स्वतः एकाही देशाची हद्द ओलांडली नव्हती. त्यामुळे परदेशी सहलीचं ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली. नदीकाठच्या एका लहानशा गावात एक दिवस मुक्काम हवा. दोन शेजारी देशांनी वर्षानुवर्षांची लढाई थांबवून तह केला होता, तो त्याच गावात.

"राजवाडे तुम्ही बघा. मला ते टेबल बघायचंय," ती म्हणाली.

आम्ही चौघं होतो. आई, बाबा, आईची ही थोरली बहीण, आणि दुभाषी म्हणून मी, कारण नोकरीमुळे मला तिकडची भाषा येत होती. निघतानाच आईनं बाबांना तंबी दिली होती, "प्रवासात राजकारणावर एक अक्षर नको." त्याला कारण होतं. बाबांचा छापखाना होता. निवडणुका आल्या की सगळ्याच पक्षांची पत्रकं त्यांच्याकडे यायची. एकाच शाईत उलटसुलट आश्वासनं छापून छापून बाबांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. मावशीचा मात्र माणसांवर भारी विश्वास. दोघं एका खोलीत आली की ठिणगी पडलीच म्हणून समजा.

संग्रहालय जुन्या नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होतं. चष्मा गळ्यात अडकवलेल्या एका किडकिडीत व्यवस्थापकानं आम्हाला आत नेलं. लांबट, काळपट टेबल, भोवती जाड दोर आणि एका कोपऱ्यात शाईचा मोठा डाग.

"सही करताना सेनापतींचा हात थरथरला आणि दौत सांडली," व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाला. मी भाषांतर करून सांगितलं.

मावशीचे डोळे भरून आले. "बघ ना, एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं इथं समोरासमोर बसली."

बाबांनी घसा खाकरला. आईनं त्यांच्या पायावर पाय दिला.

तिथून आम्ही दोन्ही देशांना जोडणाऱ्या पुलावर गेलो. पहारा कधीच उठला होता, लोक खुशाल ये-जा करत होते. पूल मात्र अर्धा हिरवा आणि अर्धा राखाडी. आपापला अर्धा भाग ज्यानं त्यानं रंगवायचा, असं तहातच ठरलं होतं म्हणे.

"एखादा डबा रंग जास्त आणला असता तर काय बिघडलं असतं?" आई म्हणाली.

पलीकडच्या काठावर जुन्या पोस्टाच्या इमारतीत आणखी एक संग्रहालय निघालं. आत गेलो आणि चौघंही जागच्या जागी थांबलो. लांबट, काळपट टेबल, भोवती दोर आणि कोपऱ्यात शाईचा डाग. खाली पाटी होती: "याच टेबलावर तह झाला."

बाबांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला. "ताई, बघा हो! इथंही दौत सांडलीय! अहो, इतिहास कसला, समोरासमोरची दोन दुकानं आहेत ही!"

आता मावशी दुखावणार, म्हणून मी मनातल्या मनात देवाचा धावा सुरू केला. ती डोळे बारीक करून डागाकडे बघत राहिली आणि मग एकाएकी हसत सुटली. हसता हसता दम लागला म्हणून शेजारच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची नेमकी सेनापतींची! तिथल्या व्यवस्थापक बाई, चांगल्या उंच, खणखणीत आवाजाच्या, धावतच आल्या.

मावशी उठली, तिनं माफी मागितली आणि माझ्यामार्फत लगेच विचारलं, "पलीकडचं टेबल पाहिलंत का तुम्ही?"

"ती नक्कल आहे."

"असेल. पण पाहिलंत का?"

"नक्कल कशाला बघायची?" बाई म्हणाल्या, पण आवाज जरा उतरला होता.

"चला," मावशी म्हणाली. हा तिचा वर्गातला आवाज. त्यावर आजवर कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बाईंनी मुकाट्यानं दाराला कुलूप लावलं आणि आम्ही सगळे पूल ओलांडून पहिल्या संग्रहालयात परतलो.

दोन्ही काठांची बोली एकच होती, त्यामुळे व्यवस्थापक आणि बाई यांना माझी गरज पडली नाही. ती पडली आमच्या माणसांना, आणि मी त्यातलं निम्मं गाळूनच सांगितलं. तो म्हणाला, तुमचं टेबल आहे स्वयंपाकघरातलं. ती म्हणाली, तुमच्या टेबलाला वाळवीही तोंड लावणार नाही. मग बाई डागापाशी वाकल्या.

"हा खरा आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यानं चष्मा पुसला. "माझ्या आधीचे साहेब म्हणायचे, खरा आहे. तुमचा?"

"माझ्या आधीचे साहेबही तसंच म्हणायचे."

दोघं एकमेकांकडे बघून एकदमच हसली.

"मग एक पाटी लावा ना दोन्हीकडे," बाबा म्हणाले. मजकूर म्हटल्यावर त्यांना राहवेना. कागद मागवला गेला. 'खरं' या शब्दावर गाडी अडली. बाबांना मजकूर आटोपशीर हवा होता. मावशीचं म्हणणं, कुणीही खोटं ठरता कामा नये.

"जावईबापू, 'अस्सल' काढा."

"काढला. पण ताई, 'बहुधा' नको हं. पाटीवर 'बहुधा' शोभत नाही."

अखेर सगळ्यांना पटलं ते असं: "तहाचं टेबल पुलाच्या एका बाजूला आहे. कृपया दोन्ही बाजू पाहा."

मी ते त्यांच्या भाषेत उतरवलं. दोघांनी पुन्हा पुन्हा वाचलं, माना डोलावल्या. बाबा चष्म्यावरून मावशीकडे बघत म्हणाले, "ताई, दोन्ही पक्षांना मान्य झालेला माझ्या हातचा हा पहिलाच मजकूर."

"माणसांना समोरासमोर बसवावं लागतं, जावईबापू," मावशी म्हणाली. बाबांनी चक्क वाद घातला नाही.

"ते सगळं झालं, पण जेवायचं कुठं?" आईनं विचारलं.

मी हे भाषांतर करायला नको होतं. चांगली खानावळ कुठल्या काठावर, यावरून दोघांची पुन्हा जुंपली. शेवटी आईनंच निकाल दिला. सूप अलीकडे, गोड पलीकडे. व्यवस्थापक आणि बाईही आमच्याबरोबर आले. पूल ओलांडताना बाई त्याला तिकडच्या मिठाईबद्दल आधीच बजावत होत्या, नाक मुरडायचं नाही म्हणून.

आमची बस चुकली. एरवी आईनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिनं गोड दोनदा मागून घेतलं.