रिंगणातला भाऊबंद

हडपसरच्या शिवेवर सोजरबाईंच्या रानात मोठाल्या दगडांचं एक रिंगण होतं. पुरातत्त्व खात्याच्या एक बाई सांगून गेल्या, की खाली तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस पुरलाय, एकही दगड हलवू नका. त्यांनी निळी पाटीही लावली. पाटीला इथं कोण विचारतो! महिन्याभरात ती कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन बसली.

सोजरबाईंना मात्र त्या माणसाची काळजी लागून राहिली. नवी नवरी होत्या तेव्हापासून त्या रिंगणात बसून भाकरी खायच्या, सासरचा सगळा राग त्या दगडांपाशी ओकायच्या. एवढं निमूट ऐकून घेणारा दुसरा कोण होता त्यांना? आता रस्त्यासाठी जेसीबी येणार असं कळलं. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यात मोठ्या दगडाला शेंदूर फासला.

झालं! जेसीबीवाल्यानं चपला काढल्या, हात जोडले. मुकादमानंही मुकाट्यानं रस्ता पलीकडून नेला.

पण आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. शेंदूर दिसला की आपली माणसं नारळ घेऊन धावणारच. पुतण्या मच्छिंद्रनं लगेच मंडळ काढलं आणि सभामंडपाचा पाया खणायला गडी घेऊन थेट रिंगणात हजर झाला.

सोजरबाईंनी दगडांत बसकण मारली.

"मच्छिंद्रा, द्येव न्हाई त्यो. शेंदूर म्याच फासलाय. खाली मढं हाय. हितला परसाद ज्यांनी खाल्लाय त्या समद्यांस्नी सुतक."

गड्यांनी कुदळी खाली टाकल्या. मच्छिंद्र मात्र बेरकी.

"काकी, सुतक भावकीला असतंय. ह्यो आपला कोण लागतो?"

"आपल्या रानात पुरलाय, म्हंजे भावकीतलाच की."

"बरं, भावकीतला," मच्छिंद्र हसला. "मग झाला की घरचा मामला. बांधू मंडप."

"बांध की," सोजरबाई म्हणाल्या. "पर भावकीत आला म्हंजे त्याचा बी वाटा आला. ह्ये रिंगण त्याच्या वाटणीचं. आदी त्याची सही आण."

मच्छिंद्रनं गड्यांना परत पाठवलं. एका बांधासाठी सख्ख्या भावाची सही मिळवताना त्याच्या चपला झिजल्या होत्या, आणि तो भाऊ तर जिवंत होता.