आप्पासाहेबांची बिनक्लचची मोटार

योहान हाडाचा मिस्त्री, पण त्या अमेरिकन मोटारीनं त्याला पार वेडं करून सोडलं होतं. मिशनचा गोरा डॉक्टर मायदेशी परतताना ती सोनईच्या आप्पासाहेबांना विकून गेला. क्लच नाही, गिअर आपोआप पडायचे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेलात समोरासमोर दोन पंखे. एकानं तेल ढकलायचं, दुसऱ्यानं त्या जोरावर फिरायचं. वेग आला की आतली चकती दोघांना घट्ट धरायची आणि ते एकजीव व्हायचे. त्याला म्हणतात लॉकअप. हे कळलं त्या दिवशी योहान जेवायचं विसरला होता.

पण नेमकी लॉकअप बसायच्या वेळी गाडी असा हिसका द्यायची की आप्पासाहेबांची टोपी पुढच्या काचेवर जायची. तो कधी बसावा हे ठरवणारी सळई ॲक्सिलरेटरपासून खाली गिअरबॉक्सकडे जाते. ती योहाननं आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. हिसका काही हटेना. शेवटी आप्पासाहेबांनी जीपचा क्लचवाला गिअरबॉक्स आणून डिकीत टाकला आणि बजावलं, रविवारी गाडी सुधारली नाही तर सोमवारी हा बसवायचा. योहानला ते पटेना. असलं यंत्र उपसून भंगारात घालायचं म्हणजे पापच की.

रविवारी चर्च सुटल्यावर ते निघाले. योहान चालवायला, शेजारी त्याची बायको मेरी, मागे आप्पासाहेब. मेरी चर्चमध्ये पायपेटी वाजवायची, दोन्ही पायांनी भाता मारत.

जेऊरच्या पुढं रस्ता मोकळा झाला. गाडीनं वेग धरला, इंजिनाचा आवाज चढला आणि बसला हिसका. मागे आप्पासाहेबांनी टोपी सावरली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

मेरी मात्र रस्त्याकडे बघतच नव्हती, पेटीच्या सवयीनं तिची नजर योहानच्या पायांवर होती. "अवो, तुमचा डावा पाय कशाला नाचतोय?"

योहान चिडला. डाव्या पायाला या गाडीत कामच काय? तरी तिसऱ्या खेपेला त्यानं पायावर लक्ष ठेवलं आणि चोर सापडला. आवाज चढला की जन्माच्या सवयीनं डावा पाय क्लच दाबायला जाई आणि ब्रेकवर पडे. त्याच दमात उजवा ॲक्सिलरेटरवरून उठे. हिसका लॉकअपचा नव्हताच, ब्रेकचा होता. आप्पासाहेबांचंही तेच होत असणार, सारा जन्म जीपवर गेलेला.

योहाननं गाडी थांबवली, चप्पल काढली आणि डावा पाय मांडीखाली दुमडून जेवायला बसल्यासारखा बसला. गाडी पळाली. हिसका नाही, पण लॉकअपही बसेना, इंजिन नुसतंच घुमत राहिलं. सळई त्यानंच छेडून छेडून बिघडवली होती! तो पुन्हा उतरला, बॉनेट उघडलं, सळईला डॉक्टरच्या वेळच्या रंगाच्या खुणेवर आणलं.

आता आवाज चढला, चढला आणि लोण्यात सुरी जावी तसा अलगद उतरला. पंखे एकजीव झाले. योहानला हसू आवरेना, डोळेही भरून आले. मेरी हळूच म्हणाली, "बसला की वो."

मग आप्पासाहेब चालवायला बसले, धोतर आवरून, डावा पाय मांडीखाली घेऊन. त्यांनी गाडी जेऊरकडे वळवली, वाटेत एकही हिसका बसला नाही. गावात शिरताच गाडी उभी केली आणि किल्ली योहानच्या हातात दिली.

"डिकी उघड. तो जीपचा डबा उतरव हितंच. उगं कशाला वजन वाहायचं?"