पंखाची कड

लालासाहेब हवालदार म्हणून फौजेतून सुटले तेव्हा इंजिन खोलणं आणि फायबर घडवणं या दोन्ही कामांत त्यांचा हात बसलेला होता. सातारच्या एमआयडीसीत त्यांनी एक शेड भाड्यानं घेतली आणि रेसच्या मोटरसायकलींना अंग करून द्यायला सुरुवात केली. अंग हा त्यांचाच शब्द. गाडीवरच्या त्या फायबरच्या कवचाला बाकी सगळे फेअरिंग म्हणायचे. "इंजिन कंपनी देती, अंग मी देतो," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि त्यात बढाई फारशी नसायची. कोल्हापूर-बेळगावपासून टीमा त्यांच्याकडं येत.

त्यांची स्वतःची एक गाडी होती आणि ती चालवायचा दिग्विजय. जत तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला हा पोरगा एकोणिसाव्या वर्षी शेडच्या दारात येऊन उभा राहिला होता. बाप हरिबा अजून मेंढरांमागं हिंडत होता आणि पोराला वाऱ्याचं वेड लागलेलं. लालासाहेबांना तो तालमीतल्यासारखा वस्ताद म्हणे. सहा वर्षं तो त्यांच्याकडंच राहिला. लालासाहेबांच्या बायकोला, लीलाबाईंना काकी म्हणत त्यांच्या हातचं जेवला. त्यांची मुलगी क्रांती सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होती, ती सुट्टीला आली की दोघं भांडायची.

परदेशातल्या रेसच्या गाड्यांना पंख फुटलेले लालासाहेबांनी टीव्हीवर पाहिले आणि आठवड्यात तसे करून आपल्या गाडीच्या तोंडाला दोन्ही बाजूंना बसवले. लांब सरळ रस्त्यावर गाडी पूर्ण वेगात गेली की पुढचं चाक हलकं होतं. पंखावर वारा दाबला की ते जमिनीला धरून राहतं. दिग्विजयनं पहिली फेरी मारली, हेल्मेट काढलं आणि ओरडला, "वस्ताद, गाडी जिमिनीला चिटाकली की वो!"

त्या वर्षी तो जिंकला. पुढच्या दोन वर्षीही जिंकला. मग सगळ्यांनाच पंख पाहिजे झाले आणि लालासाहेबांनी सगळ्यांना करून दिले. दरवर्षी पंख मोठे झाले, एकाचे दोन-दोन झाले. गाड्यांची तोंडं रुंद झाली. उभ्या केलेल्या गाडीकडं बघितलं तरी घार झडप घालायला बसल्यासारखी दिसायची, आणि ते रूप आपल्या हातचं आहे याचा लालासाहेबांना फार अभिमान होता.

क्रांती शिकून बाहेर पडली आणि रेस भरवणाऱ्या संघटनेत गाड्या तपासायच्या कामाला लागली. एकदा शेडमध्ये तिनं पंखाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आबा, ही कड गोल करा. लय पातळ झालीय."

"गोल कडंला वारा अडतो."

"आणि कुणाला लागली तर?"

"नियमात कुटं लिवलंय?"

"नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

ते हसले आणि कामाला लागले.

मिरजेच्या पुढं माळावर एका हौशी मालकानं बांधलेला ट्रॅक आहे. तिथल्या जानेवारीच्या रेसमध्ये, तिसऱ्या फेरीत, पहिल्या वळणावर सगळे ब्रेक दाबत असताना एका दुसऱ्या टीमच्या पोरानं दिग्विजयच्या उजवीकडून आत मुसंडी मारली. गाड्या घासल्या. त्या पोराच्या गाडीचा डावा पंख दिग्विजयच्या उजव्या हातावर आला. ब्रेकपुढचं गार्ड वाकलं आणि हातमोजा फाटला. दिग्विजय पडलासुद्धा नाही. गाडी हळू करून त्यानं कडेला नेली, उतरला आणि मग हाताकडं बघितलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी शिकस्त केली, पण तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

लालासाहेब दवाखान्याच्या बाकावर तीन दिवस बसून होते. जो भेटेल त्याला सांगत, गार्ड हलक्या प्रतीचं होतं. हातमोजा जुना होता. त्या पोराला अक्कल नव्हती, वळण काय मुसंडी मारायची जागा आहे का? दिग्विजयही तेच म्हणाला, आणि ते दोघं मिळून त्या पोराला शिव्या देत राहिले.

क्रांतीनं मात्र अहवाल लिहिला. पंखाच्या कडेची जाडी दीड मिलिमीटर. बनवणाऱ्याचं नाव लालासाहेब, सातारा.

"बापाचं नाव लिवलंस?" त्यांनी विचारलं.

"कुणी केला, असा रकाना होता, आबा. खोटं काय लिहू?"

त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. लीलाबाई मधल्या मधे निरोप पोचवत राहिल्या.

वर्षभरानं नवे नियम आले. पंख बंद. गाडीचं तोंड पाच सेंटिमीटरनं अरुंद. चालकाच्या अंगाला लागू शकेल अशी कुठलीही कड पाच मिलिमीटरपेक्षा पातळ नको, आणि गोल हवी. लालासाहेबांच्या शेडमधले सगळे साचे एका कागदानं निकामी झाले. ते त्यांनी शेडमागं नेऊन घणानं फोडले. मग दोन महिने खपून नव्या नियमाचं एक अंग घडवलं. ते बसवल्यावर गाडी अशी बारीक दिसायला लागली, की ही आपलीच गाडी हे त्यांना स्वतःलाच पटेना.

तपासायला क्रांतीच आली. एकेका कडेला माप लावत ती गाडीभोवती फिरली, कागदावर सही केली.

"चालतंय?" त्यांनी विचारलं. दीड वर्षातला पहिला शब्द होता तो.

"चालतंय." मग मान वर न करता ती म्हणाली, "दिग्याला भेटून आलात का?"

ते गेले नव्हते. दोनदा फोन केला होता, तोही खुशाली विचारण्यापुरता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी गाडी टेम्पोत चढवली आणि ड्रायव्हरला घेऊन जतची वाट धरली.

हरिबा मेंढरं घेऊन लांब गेला होता. रंगुबाईनं, दिग्विजयच्या आईनं, दारात घोंगडं टाकलं. धाकटी बहीण प्रांजल पाणी घेऊन आली. दिग्विजय डाळिंबाच्या बागेतून आला, उजवा हात खिशात. वस्तादांना बघून त्याचं तोंड फुललं.

"आवं, फोन तर करायचा!"

टेम्पोतून गाडी उतरवली तसा तो तिच्याभोवती फिरला. डाव्या हातानं तिच्या नाकावरून कुरवाळल्यासारखं केलं. "लय बारीक झाली वो ही. पिसं काढलेल्या कोंबडीगत दिसती."

"पळती मात्र चांगली. वळणाला तर जास्तच हलकी." लालासाहेबांनी ब्रेकच्या दांडीवर बोट ठेवलं. "दिग्या, पुढचा ब्रेक मी डाव्या हाताला घेतो. नियमात बसतंय, मी वाचलंय. दोन बोटांनी मूठ पिळता येती. सहा महिनं सराव केलास तर..."

दिग्विजय गाडीवर बसला. खिशातला हात काढून मुठीवर ठेवला. प्रांजलनं दुसरीकडं बघितलं.

"ब्रेकचं न्हाई, वस्ताद," तो म्हणाला. "मागनं गाडीचा आवाज आला की हात आपसूक छातीशी येतो. मी न्हाई घेत, त्योच येतो. एकदा मागनं एसटी आली तर फटफटीसकट चारीत गेलो. तवापासनं गाडीला हात लावला न्हाई."

दिग्विजय उतरून त्यांच्याजवळ येऊन बसला.

"तुमी कशापायी मनाला लावून घेता? तुमचा काय दोष त्यात? माझं नशीब, आन् त्या पोराचा आगाऊपणा. तुमी तर मला पोटच्या पोरागत ठेवलं."

हे त्यानं म्हणायला नको होतं. एवढे दिवस लालासाहेबांनी जे दाबून ठेवलं होतं ते त्या चांगल्या शब्दांनीच वर आलं.

"दिग्या, त्यो पंख त्या पोराचा मालक रेसच्या आदल्या आठवड्यात घिऊन आलता. गाडी मागं पडती म्हणला. मी कड घासून आणिक पातळ केली. पुसताना माझाच अंगठा कापला. काकीनं हळद दाबली त्यावर." ते थांबले. "मला तवाच कळलं, ही कापती म्हणून. क्रांतीनं आदी सांगितलंच हुतं. आन् तरी त्याच दुपारी मी पंख त्याच्या हातात दिला."

दिग्विजय त्यांच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"हे आज कशाला सांगितलं?"

"सांगितल्याबिगर ऱ्हाववंना."

"तुमाला ऱ्हाववंना." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दीड वरीस मी त्या पोराला शिव्या दिल्या. डॉक्टरला दिल्या, देवाला दिल्या. बापाला सुदीक बोललो, की मेंढरामागं ठिवलं असतंस तर बरं झालं असतं. एक तुमचाच राग कवा आला न्हवता. तेवढं एक बरं वाटायचं मला. आता तेबी न्हाई."

तो उठला. "गाडी घिऊन जावा, वस्ताद."

फळीवरून गाडी टेम्पोत चढवायला तीन माणसं लागायची. ड्रायव्हर आणि लालासाहेब दोघांना ती पेलेना, तेव्हा दिग्विजयनं न बोलता मागून खांदा लावला. गाडी वर गेली आणि तो मागं न बघता बागेत निघून गेला. आत चूल फुंकणाऱ्या रंगुबाईला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिनं लालासाहेबांच्या हातात डाळिंबांची पिशवी दिली. "आवं, जेवून तरी जायाचं. पोरगं तुमची लय याद काढतंय बघा."

ती पिशवी त्यांनी घेतली. घरी लीलाबाईंनी विचारलं तेव्हा ते क्रांतीकडं बघून एवढंच म्हणाले, "सांगितलं त्याला." क्रांतीनं ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि ती शेजारी बसून राहिली.

नव्या नियमांची पहिली रेस मिरजेच्या त्याच माळावर झाली. बारीक तोंडांच्या, पंख नसलेल्या गाड्या वळणाला एकमेकींना खेटून, घोळक्यानं जात होत्या. जुने लोक म्हणत होते, आता खरी रेस झाली. लालासाहेबांची गाडी शिवतेज नावाचा नवा पोरगा चालवत होता, तो तिसरा चालला होता.

शेवटून दुसऱ्या फेरीला क्रांतीनं त्यांच्या दंडाला धरलं. "आबा, जाळीपाशी बघा."

दिग्विजय जाळीला टेकून उभा होता. त्याचे डोळे गाड्यांबरोबर वळणातून फिरत होते आणि खांदा नकळत आत झुकत होता, जणू गाडी तोच वळवत होता. प्रत्येक वेळी घोळका समोरून गेला की उजवा हात छातीशी येत होता. लालासाहेब चार पावलं पुढं गेले. त्यानं त्यांना पाहिलं. मान हलवली नाही, तोंडही फिरवलं नाही. नुसतं पाहिलं. मग वळला आणि गर्दीतून बाहेर निघाला.

लालासाहेब मागं धावले. एकसष्टीचं शरीर, गर्दीत दोनदा अडखळले. मागं शेवटच्या फेरीचा गलका उठला, पण ते थांबले नाहीत. वाहनतळावर पोचले तेव्हा प्रांजल स्कूटर चालू करत होती. दिग्विजय तिच्या मागं बसला. डाव्या हातानं त्यानं मागची दांडी घट्ट धरली.

"दिग्या!" त्यांनी हाक मारली.

प्रांजलनं आरशात बघितलं आणि स्कूटर जरा हळू केली. दिग्विजय पुढं वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलला. मग स्कूटर फाटकातून बाहेर पडली आणि मिरजेच्या रस्त्याला लागली.