शिकणारा टीव्ही

जुना टीव्ही बंद पडला त्या संध्याकाळी प्राध्यापकांनी घरातच एक व्याख्यान दिले. श्रोतृवर्ग म्हणजे पत्नी, आणि तीही कपड्यांच्या घड्या घालीत बसलेली. दृश्यमाध्यमे आणि पाळत या विषयावर त्यांचे दोन जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध असल्यामुळे स्मार्ट टीव्ही घरात घेणे म्हणजे तत्त्वांना घराबाहेर काढणे होते. साधाच टीव्ही घ्यावा, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला, स्वतःच अनुमोदिला आणि एकमताने संमत झाल्याचे जाहीर केले.

पत्नी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसल्यावर संध्याकाळी काहीतरी स्वतःच्या मर्जीचे पाहावे, एवढीच तिची मागणी होती. लग्नापासून ती पुरी झालेली नव्हती. कारण रिमोट प्राध्यापकांच्या हातात असे आणि पडद्यावर चर्चासत्र.

दुकानात विक्रेत्याने मोठ्या पडद्याकडे बोट दाखवले. "मॅडम, हा शिकतो बघा. तुम्हाला काय आवडतं ते लक्षात ठेवतो आणि तसलंच पुढे आणून देतो."

"ऐकलंस ना?" प्राध्यापक कडाडले. "आपण काय बघतो त्याची हा नोंद ठेवणार!"

"ठेवू दे की. मला काय आवडतं, ते एकाच्या तरी लक्षात राहील."

विक्रेत्याला अचानक खोकला आला. या युक्तिवादाचे खंडन प्राध्यापकांना दोन्ही ग्रंथांच्या तळटीपांत सापडेना. स्मार्ट टीव्ही घरी आला.

पहिल्याच संध्याकाळी, शत्रूचा अभ्यास केला पाहिजे या उदात्त हेतूने, प्राध्यापकांनी रिमोट ताब्यात घेतला. अभ्यास लांबला. "संशोधन आहे गं, जरा थांब," असे ते म्हणत आणि ती थांबे. यंत्र मात्र मोठे व्यासंगी निघाले. त्याने घराचे निरीक्षण केले, पुरावे जमवले आणि निःपक्षपातीपणे निष्कर्ष काढला, की येथे एकच मनुष्य राहतो. त्याला वादविवाद आवडतात, आणि ज्यांत तो स्वतः बोलला आहे असे वादविवाद तर फारच आवडतात. पडदा उजळला की तावातावाने बोलणाऱ्या चेहऱ्यांची रांग उभी राही, आणि मधोमध, गळाबंद कोटात, प्राध्यापक.

"काय अचूक ओळखलंय यानं!" ते हरखून म्हणाले. पाळतीबद्दलचा त्यांचा राग त्या दिवसापासून पुष्कळच सैद्धांतिक झाला.

एकदा ते परिषदेसाठी परगावी गेले असता पत्नीने समुद्रतळाच्या माशांवरचा माहितीपट लावला. निळ्या पाण्यात माशांचे थवे वळत होते आणि कोणीही कोणाचा मुद्दा खोडून काढत नव्हते. तो संपताच यंत्राने आदबीने पुढचा कार्यक्रम सुचवला: मासेमारी धोरणावरील परिसंवाद. वक्ते ओळखीचेच होते.

तिने पायांत चपला सरकवल्या आणि दुकान गाठले.

प्राध्यापक परतले तेव्हा मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, एक छोटा टीव्ही बसवलेला होता.

"हा आणि कशाला?"

"मला."

"अगं, पण हा अगदीच साधा! तू काय बघतेस, तुला काय आवडतं, याला काही म्हणजे काही कळायचं नाही. जन्मात शिकायचा नाही हा!"

"म्हणूनच आणलाय. शिकलेल्यांबरोबर पुष्कळ वर्षं काढली, अहो."

यावर उत्तर देण्यासाठी त्यांनी घसा खाकरला. व्याख्यानापूर्वी ते नेहमीच खाकरत. मग बसायला जागा शोधू लागले.

"इथे एकच खुर्ची आहे," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि बसली.