पाण्याखाली उडणारी माशी

मी एक जुनी माशी आहे. मित्रांनो, हाकलायला हात उचलू नका, मी तुमच्या ताटावर बसणारी नाही. मासे धरायच्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून मला केलं आहे. मला भिजवून पाण्यात सोडायचं, की बुडालेला किडा समजून मासा मला तोंडात घेतो. फसवणूक आहे खरी, पण इतकी देखणी फसवणूक तुम्ही पाहिली नसेल.

माझा जन्म येलदरीचा. धरणाजवळ बन्सीधर शिंप्यांचं दुकान आहे. मासे धरायला आलेला एक पाहुणा एकदा फाटका सदरा घेऊन तिथे आला. बाहीत एक विलायती माशी रुतून बसली होती. ती तो दुकानातच सोडून गेला. बन्सीधरांनी ती दोरा दोरा करून उसवली, कारण शिंप्याला उसवल्याशिवाय काही समजत नाही. मग साध्या गळावर त्यांनी गावठी कोंबड्याची तांबूस पिसं बांधली आणि माझ्या कमरेला जर गुंडाळली. ती जर त्यांच्या पत्नीच्या, कुसुमबाईंच्या, लग्नातल्या शालूची होती. काठाची जर निघत असताना कुसुमबाई फक्त किती निघते ते बघत होत्या.

दुकान मिटलं की आम्ही धरणाखाली नदीच्या पाण्यावर जायचो. बन्सीधर मला आधी तोंडात धरून भिजवायचे. तुम्ही असलं काही करू नका, गळ टोचतो. पण असं भिजल्यावर पिसांतली हवा जायची आणि मी अलगद बुडायची. तिथे खाली उजेड हिरवा असतो आणि आवाज दुरून आल्यासारखे येतात. ज्या कोंबड्याची ही पिसं, तो कधी कुंपणापलीकडे उडाला नसेल. मी मात्र पाण्याखाली उडायची. पिसं हलायची, जर चमकायची, आणि मी खरीच माशी आहे असं मला वाटायचं. मग तंगूसला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, झटका बसायचा आणि स्वप्न मोडायचं. त्या रात्री कुसुमबाईंच्या चुलीवर मरळ शिजायची.

पुढे बन्सीधरांची नजर अधू झाली आणि मी सुयांच्या डबीत पडून राहिले. यंदा पावसाळा सरता सरता कुसुमबाईंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना काही परतली नाही. जिंतूरचे डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर अंगात जीव धरायचा नाही. सून मनिषा हरतऱ्हेचं करून आणायची आणि ताट तसंच परत न्यायची. दसऱ्याच्या सकाळी कुसुमबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "तुमच्या त्या माशीनं धरलेला मासा असंल, तर खाऊन बघते."

बन्सीधर मनिषाला सोबत घेऊन पाण्यावर निघाले. काठावर बसून त्यांनी मला तोंडात धरलं आणि लगेच थुंकले.

"हे तर मशीनचं तेल हाय."

मनिषाचा चेहरा उतरला. "मामा, काल खंडेनवमीला मशीनला, कात्रीला तेल दिलं, हळदकुंकू लावलं. तवा हिलाबी दिलं. गंजू नये म्हणून."

त्यांनी मला तशीच टाकून पाहिलं. मी बुडेचना. तेलकट पिसांनी पाण्यावर तरंगत राहिले, नुसती आभाळाकडे बघत. खाली मासे होते, घरी कुसुमबाई वाट बघत होत्या, आणि मी कोरडी. मला फार वाईट वाटलं.

"तू माया केलीस बाई," बन्सीधर म्हणाले. "पर हिला मशीनवानी कोरडं ठिवून जमत न्हाई."

त्यांनी काठावरची काळी माती घेतली आणि मला चोळचोळ चोळलं. तेल गेलं. सोबत निम्मी पिसं गेली आणि जरही सुटून पाण्याला लागली. मी उघडीबोडकी झाले. पण या वेळी मी बुडाले. तोच हिरवा उजेड, तेच लांबचे आवाज. देखणी नव्हते, म्हणून कदाचित खरी वाटले असेन. ऊन कलता कलता तंगूसला झटका बसला.

त्या रात्री कुसुमबाईंनी भाकरी कालवणात कुस्करली. एक घास गेला, मग दुसरा, आणि त्यांनी स्वतःच वाटी पुढे केली. मनिषा पदराने डोळे पुसत होती.

मित्रांनो, मला कुणी जपलं नाही असं मी म्हणणार नाही. पण जपताना त्या वस्तूला काय हवं ते आधी बघा. काहींना तेल लागतं, काहींना फक्त पाणी. मला डबीत सुखरूप ठेवू नका, पाण्यात सोडा.

जेवण झाल्यावर कुसुमबाईंनी मला तळहातावर घेतलं. "माजी जर कुटं गेली?"

"नदीला," बन्सीधर म्हणाले.

कुसुमबाईंनी मनिषाला शालू काढायला सांगितला. काठाची जर निघू लागली, आणि या वेळी किती निघते ते कुसुमबाईंनी बघितलं नाही.