वीतभर अंतर

“रोज देता तसंच द्या. मी नुसती बघते,” फिजिओबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

पेंटरने औषधाच्या वाफेचं मशीन चालू केलं, नऊ महिन्यांच्या पोराला मांडीवर घेतलं आणि मास्क त्याच्या तोंडासमोर धरला. पांढरी वाफ निघाली, गालाला लागून पसरली आणि विरून गेली. आसपासच्या खाटांवरची पोरं मास्क बघताच वॉर्ड डोक्यावर घेत होती, आणि हा आपला बापाच्या मिशीकडे टक लावून बसलेला. पेंटरला दाखवायचंच होतं ते. पोराला तो राजे म्हणायचा. राजांना जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस होता. छातीतला कफ डिंकासारखा चिकट व्हायचा, तो सुटावा म्हणून दिवसातून दोनदा हे औषध द्यायचं होतं. घरात ते काम पेंटरने दुसऱ्या कुणाला करूच दिलं नव्हतं.

“एवढं लांब का धरलंय?” बाईंनी विचारलं.

“जवळ नेलं की रडतो. आणि फवारा वीतभर लांबूनच सारखा बसतो ना. जवळून मारला की ओघळ येतात.”

तो गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रे मारायचा. सोळा वर्षं हातात गन होती, आणि आपल्या हातच्या कामात कुणी ओघळ काढून दाखवावा, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

बाईंनी त्याचा हात धरून मास्क पोराच्या नाकातोंडावर टेकवला. पोराने टाहो फोडला.

“असा. फट राहायला नको. लांबून औषध छातीत जवळजवळ जातच नाही. किती दिवस देताय असं?”

सात महिने, असं शेजारी उभ्या बायकोने सांगितलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. उजव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा कायमचा खराब झाला होता. औषध नीट गेलं असतं तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही, असं ते म्हणाले. पेंटरने त्यातलं पहिलं तेवढंच ऐकलं.

बायकोने मागे एकदा विचारलं होतं, वाफ सगळी खोलीभरच होतेय का म्हणून. फवाऱ्यातलं तुला काय कळतं, असं म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं. आता ती तो विषय काढत नव्हती, आणि हेच त्याला सोसवेना. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो म्हणाला, “एकदाचं बोलून टाक ना.”

ती कफ सुटावा म्हणून पोराच्या पाठीवर खोलगट तळहाताने थापट्या मारत होती. हात न थांबवता म्हणाली, “बोलायचं तेव्हा मी गप्प बसले. ते माझ्याकडे राहू दे. तुमचं तुमच्याकडे.”

रडताना औषध नीट आत जात नाही, त्यामुळे पोराला सवय लावण्यावाचून गत्यंतर नाही, असं बाईंनी बजावलं होतं. रोज तीच जागा, तीच वेळ, तेच गाणं. दुपारी नुसता मास्क खेळायला द्यायचा, कधी नुसतं मशीन चालू ठेवायचं. पेंटरने स्वतः मास्क लावला, बायकोला लावला, उशीलाही लावला. पोर हसायचं. पण खरी वेळ आली की हात-पाय झाडायचं, आणि औषध काही सवय होईपर्यंत थांबणार नव्हतं. बायको म्हणाली, दोनातली एक वेळ मी धरते. त्याने साफ नकार दिला. एक तरी मांडी त्याला बिनघोर असू दे, म्हणाला.

व्हायचं तेच झालं. पूर्वी गॅरेजमधून बाप आला की पोर अंग टाकून झेपावायचं. आता दारात पाऊल वाजलं की आईच्या मानेत तोंड खुपसायचं. पेंटर रंगाचे कपडे बाहेरच बदलून, हात चोळचोळून धुऊन यायचा आणि लांबच बसायचा. गॅरेजमधले विचारायचे, राजे काय म्हणतात? मजेत आहेत, म्हणायचा.

दीड महिना असाच गेला. एका सकाळी त्याने मशीन चालू केलं आणि पोराला घ्यायला हात पुढे केले. पोर रडलं नाही. निमूटपणे त्याच्याकडे आलं, मांडीवर पाठ टेकून बसलं, हनुवटी आपणहून वर केली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

त्याने मास्क टेकवला. कुठेही फट नव्हती. दहा मिनिटं पोर हललं नाही, नुसते श्वास येत-जात राहिले. बायकोला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. “बघा, शहाणं झालं माझं बाळ,” ती पुटपुटली. पेंटरने मान हलवली. त्यालाही हेच हवं होतं. फक्त एवढ्याशा जिवाला इतक्या लवकर सोसायला शिकता येतं, हे त्याला माहीत नव्हतं.

औषध संपलं. मशीन बंद झालं तसे पोराने डोळे उघडले, आणि वर त्याच्याकडे न बघता समोर आईकडे दोन्ही हात पसरले. पेंटरने त्याला अलगद उचललं आणि तिच्याकडे दिलं.