पंगत उठेना

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी अकोल्यात स्वप्निलचं लग्न झालं. जेवण साधंच होतं, वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी. घरात सगळ्यांत मोठी त्याची आत्या, इंदूबाई. गळ्याच्या कॅन्सरसाठी तिनं अमरावतीला रेडिएशनचे पस्तीस शेक घेतले होते, आणि तेव्हापासून पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा उतरायचा.

भावजय म्हणाली, "ताई, तुमी आत खोलीत जेवा. निवांत."

"काहून? मी का चोरून खाऊन राहिली?"

अर्ध्या तासापूर्वीच दुखण्याचं औषध घेऊन ती तयार होती. पंगतीत बसली, वरणात भात कुस्करून पार पातळ केला आणि डॉक्टरांनी शिकवलं तसं, हनुवटी छातीला टेकवून एकेक चमचा गिळू लागली. प्रत्येक घासाला डोळ्यांत पाणी येई. ते पदरानं पुसून ती पुढचा चमचा भरी.

बाकीच्यांची जेवणं उरकली. पण मोठं माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. सगळ्यांचे उष्टे हात वाळले, दुसरी पंगत मांडवाच्या दाराशी ताटकळली. शेवटी वाढपी वाकून म्हणाला, "आत्याबाई, राहू द्या आता. लोकं थांबून राहिले."

इंदूबाईनं शेवटचा चमचा गिळला. ताट लख्ख झालं होतं, चार महिन्यांत पहिल्यांदाच. सुटलो म्हणत सगळे उठू लागले.

तिनं ताट वाढप्यापुढं सरकवलं.

"थांबू दे त्याइले. वरण वाढ."